संशयाचा फायदा

"त्याला सांग, पाण्याचा जग इकडे दे." अब्बा हे मला सांगायचे, आणि जग इकबालमामूच्या कोपराशी असायचा. मामू तो उचलून माझ्या हातात द्यायचा, मी अब्बांच्या पुढे ठेवायचे. आखातात, खैतान भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोजचं जेवण असं चालायचं. जमिनीवर दस्तरखान, त्याच्या चार बाजूंना चार माणसं, आणि त्यातली दोन एकमेकांना हातभर अंतरावरून माझ्यामार्फत बोलणारी. अम्मी मध्ये पडायची नाही. ती तांदळाच्या भाकऱ्या एकीवर एक रचत राहायची आणि मामूच्या ताटात मुद्दाम मोठा तुकडा वाढायची, झुबैदीचा, म्हणजे तिकडच्या पापलेटचा, पोटाकडचा, अब्बांच्या डोळ्यांदेखत. अब्बा तो तुकडा ताटात पडेपर्यंत बघत राहायचे. मग स्वतःच्या ताटातला मासा न संपवताच उठायचे.

त्या घराचं मला आज सगळ्यात आधी काय आठवतं, तर आवाज. खिडकीत बसवलेल्या एसीची घरघर, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, दोन मशिदींच्या एकापाठोपाठ एक सुरू होणाऱ्या अजान. आणि या सगळ्यात एक आवाज नसायचा, जिन्यावरची शौकतचाचाची शीळ. चाचा अब्बांचा धाकटा भाऊ. अब्बांनीच त्याला गावाहून, दाभोळच्या खाडीकाठाहून बोलावून घेतलं होतं आणि शुवैखमधल्या आपल्या एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लावलं होतं. तो खालच्या मजल्यापासून शीळ घालत वर यायचा आणि ती ऐकून अम्मी तवा चुलीवर ठेवायची. गावाला त्याचं लग्न ठरलं होतं. ते होण्याआधीच तो वफ्राच्या रस्त्यावर अपघातात गेला, आणि गाडी इकबालमामू चालवत होता.

मामू म्हणजे अम्मीचा सख्खा धाकटा भाऊ. एका बेकरीची व्हॅन चालवायचा. अम्मीने त्या वर्षी घरी मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं पठण, ठेवला होता, बिल्डिंगमधल्या आणि ओळखीच्या सगळ्या कोकणी बायका येणार होत्या, म्हणून भाजी पेट्यांनी हवी होती. वफ्राच्या शेतांवर ती ताजी मिळते, म्हणून चाचा आणि मामू सकाळी निघाले. दुपारी परतताना धूळ उठली होती. रस्त्याच्या कडेला, अर्धा रस्त्यावर आणि अर्धा वाळूत, एक बंद पडलेला ट्रक उभा होता. मागे ना त्रिकोण, ना दगड, काही नाही. व्हॅनची डावी बाजू, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, ती वाचली. उजव्या बाजूला चाचा बसला होता.

मामूला पोलिसांनी आत ठेवलं, मग तपास झाला, मग कोर्ट. कोर्टाने सांगितलं, ट्रकवाल्याचा दोष. मामू बरी झाला, म्हणजे निर्दोष सुटला. कोर्टाच्या अरबीत त्याला 'बराआ' म्हणतात, आमच्या घरच्या बोलीत 'बरी', शब्द तोच. अब्बा निकालाला स्वतः गेले होते. घरी आले, हातपाय धुतले, आणि अम्मीला म्हणाले, "तुझा भाऊ बरी झाला. कोर्टासाठी झाला. माझ्यासाठी नाही." अम्मी म्हणाली, "माझा भाऊ या घरातून गेला तर मीपण जाईन." मामू घरातच राहिला. त्या दिवसापासून मी जग इकडून तिकडे द्यायला लागले.

आता त्या खटल्याकडे येते, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. खटला अमेरिकेतला. बिल्डिंगच्या गच्चीवर नव्यानेच डिश लागली होती आणि तिच्यावर अमेरिकेचं बातम्यांचं चॅनेल दिसायचं. तिथला एक श्रीमंत, नावाजलेला माणूस, त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप. त्याचं नाव लिहीत नाही, त्या नावाशी मला इथे काही काम नाही. तिथे कोर्ट सकाळी भरायचं तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असायची, आणि अख्खी बिल्डिंग ते बघत असायची. जिना चढताना दारादारांतून त्याच वकिलाचा आवाज यायचा. अब्बांना दुकानापुरतं इंग्रजी यायचं, पण वकिली इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं. मी तेव्हा अकरावीत, इंग्रजी शाळेत. म्हणून मला समोर बसवून ते विचारायचे, "हा काय म्हणतोय? तो काय म्हणाला?" अमेरिकेचं ते कोर्ट आमच्या घरात माझ्या तोंडून बोलायचं.

अब्बांचं मत पहिल्याच संध्याकाळी झालं होतं. "खुनी आहे. तोंडावर लिहिलंय." आणि हे ते टीव्हीकडे बघून म्हणायचे नाहीत. मामू बेकरीतून आलेला असायचा. अपघातानंतर त्याने पुन्हा गाडीला हात लावला नव्हता, त्याला आत भट्टीवर घेतलं होतं. अंगाला मैद्याचा वास घेऊन तो दाराजवळच्या गादीवर चहाचा पेला धरून बसायचा, तिकडे बघून ते म्हणायचे. आरोपीचा वकील उभा राहिला की अब्बांचा चेहरा आंबायचा. "हा बघ, पैसे घेऊन खोटं बोलायला उभा राहिला."

"खोटं नाही बोलत, अब्बा. तो म्हणतोय, सरकारने सिद्ध करून दाखवावं. आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं."

"का? मेली कोणाची बायको?"

मला त्या खटल्याचं वेड लागलं होतं. शाळेच्या लायब्ररीत एक जाडजूड विश्वकोश होता, त्यात मी अमेरिकेचा कायदा वाचायचे आणि घरी येऊन अब्बांना ऐकवायचे. बारा साधी माणसं निकाल देतात, आणि बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं. आरोपीला तोंड उघडायची सक्ती करता येत नाही, आणि तो गप्प बसला म्हणून ते त्याच्या विरुद्ध धरता येत नाही. मला हे सगळं फार उदात्त वाटायचं. अब्बांना ते ऐकून चीड यायची. मधेच असं निघालं की पोलिसांनी परवानगी न घेता त्या माणसाची गाडी उघडली होती आणि आत रक्त लागलेला शर्ट सापडला होता. न्यायाधीश म्हणाले, शर्ट ज्युरीला दाखवायचा नाही, त्याचा उल्लेखही करायचा नाही. त्या संध्याकाळी अब्बा ताडकन उठून उभे राहिले. "जगाने पाहिला तो शर्ट! मी खैतानमध्ये बसून पाहिला! आणि त्या बारा जणांनी बघायचा नाही?"

"पोलिसांनी चोरासारखं घुसून आणलेलं धरलं, तर उद्या ते कोणाच्याही घरात घुसतील."

"घुसू देत. ज्याच्या घरात रक्ताचा शर्ट नाही त्याला कसली भीती?"

आज हीच भाषा मी माझ्या घरात ऐकते. माझी मुलगी माहिरा एगैलातल्या आमच्या घरात सोफ्यावर लोळत फोनवर असले अमेरिकन खटले बघते. तिला तर टीव्हीसमोर बसायचीही गरज नाही. पाच मिनिटं बघते आणि म्हणते, "ही इज सो गिल्टी, मम्मा." मी विचारते, कशावरून? ती म्हणते, "जस्ट लुक ॲट हिम." तेव्हा मला तिच्यात माझे अब्बा दिसतात, आणि राग येतो, आणि राग नेमका कोणाचा ते मला अजून ठरवता येत नाही.

सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. सरकारी पक्षाने गुन्हा अशा पद्धतीने सिद्ध करायचा असतो की वाजवी संशयाला जागा उरू नये, असं मी अब्बांना मराठीत सांगितलं. आणि संशय उरलाच तर त्याचा फायदा आरोपीला.

"संशयाचा फायदा?" अब्बा म्हणाले. "संशय असेल तर माणसाचं नुकसान व्हायला पाहिजे. मला कोणाचा संशय आला तर मी त्याला दुकानात ठेवीन का?"

"तो संशय वेगळा, अब्बा. हा म्हणजे... खात्री नसणं."

"शब्द एकच आहे ना?"

शब्द एकच होता. मराठीत आम्ही ज्या शब्दाने माणसाला सोडतो त्याच शब्दाने त्याला धरतो, हे मला त्या दिवशी कळलं. अम्मी आतून म्हणाली, "पोरीला कशाला छळता? बोलायचंय ज्याच्याशी त्याच्याशी बोला." अब्बा म्हणाले, "मी टीव्हीबद्दल बोलतोय." अम्मी ओले हात घेऊन बाहेर आली. "दोन वर्षं झाली तुम्ही टीव्हीबद्दलच बोलताय. माझ्या भावाला कोर्टाने सोडलंय. मी कुराणावर हात ठेवून सांगते, त्याचा दोष नाही." मामू पेल्यातल्या चहाकडे बघत होता. दोन वर्षांत त्या अपघाताबद्दल तो घरात एक अक्षर बोलला नव्हता, आणि अब्बांच्या लेखी तोच सर्वांत मोठा पुरावा होता. मी त्यांना टीव्हीवरच्या न्यायाधीशांचं वाक्य ऐकवलं, की गप्प बसणं विरुद्ध धरता येत नाही. अब्बा म्हणाले, "तुझ्या न्यायाधीशाचा भाऊ नाही मेला."

निकाल लागला तो शुक्रवार होता. अम्मीने दुपारचं मटण गरम करायला ठेवलं होतं, घरभर तिखटाचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास होता. मामूला सुट्टी होती. ज्युरी परत आल्याचं टीव्हीवर सांगितलं तेव्हा अम्मीसुद्धा हातातला डाव तसाच घेऊन दारात उभी राहिली. कोर्टातल्या एका बाईने निकालाचा कागद वाचला. मला अब्बांच्या आधी समजलं.

"काय म्हणाली?"

"दोषी नाही."

अब्बांनी रिमोट भिंतीवर आपटला. त्यातले सेल गडगडत सोफ्याखाली गेले. टीव्ही चालूच राहिला, तो माणूस वकिलाला मिठी मारत होता. "बारा गाढवं!" अब्बा ओरडले. "बारा गाढवं शोधून आणली! आता पुढे? वरचं कोर्ट?"

"वरचं कोर्ट नाही, अब्बा. एकदा सुटला की सुटला. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही त्याला."

"आणि उद्या नवा साक्षीदार आला तर?"

"तरी नाही."

"आणि हा स्वतःच म्हणाला, की हो, मी मारली?"

"तरीही नाही."

अब्बा थांबले. मला वाटलं आता आणखी ओरडतील, पण त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते वळले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मामूच्या डोळ्यांत बघून त्याच्याशी बोलले. "ऐकलंस, इकबाल? पोरगी काय सांगते? तूपण सुटलास. आता तुला कोणी काही करू शकत नाही. कोर्ट नाही, पोलीस नाही, मीपण नाही. मग आता सांग. काय झालं होतं त्या दिवशी?"

अम्मी म्हणाली, "तो काही सांगणार नाही. सांगण्यासारखं काही नाहीच."

मामूने पेला खाली ठेवला. "मला डुलकी लागली होती, भाई."

टीव्हीवर लोक रडत होते, ओरडत होते. तो बंद करायला रिमोट नव्हता आणि कोणी उठलं नाही.

"धूळ होती," मामू म्हणाला. "ट्रकपण होता. ते खोटं नाही. पण मला तो दिसलाच नाही. डोळे मिटले होते. आवाजाने उघडले."

"कोर्टात का नाही बोललास?"

"वकील म्हणाला, विचारतील तेवढंच सांग. धूळ होती का विचारलं, होती म्हटलं. ट्रक रस्त्यात होता का, होता. झोप लागली होती का, ते कोणी विचारलंच नाही."

"आणि घरात? दोन वर्षं माझ्यासमोर बसून जेवलास."

"घरात तुम्ही कधी विचारलं, भाई? तुम्ही सांगत होतात."

अब्बांचा हात उठला आणि तसाच राहिला. ते खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "शौकत काही बोलला का? शेवटी?"

"तोपण झोपला होता. त्याला काहीच कळलं नाही."

मी हे सगळं ऐकत होते आणि मला मामूचा संताप आला होता. लायब्ररीत बसून, विश्वकोश वाचून, अब्बांशी रोज भांडून मी ज्याची वकिली केली तो माणूस दोषी होता. गप्प बसायचा अधिकार मी निरपराध माणसासाठी मागत होते. तो सगळ्यांना सारखाच मिळतो हे पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण त्याचा अर्थ असा दाराजवळच्या गादीवर येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं.

पण माझ्याआधी अम्मी फुटली. डाव तिच्या हातातून पडला. "झोप येत होती तर गाडी थांबवायची होती! दोन वर्षं मी नवऱ्याशी वैर घेतलं. कुराणावर हात ठेवला मी!" ती मामूच्या खोलीत शिरली. कपाटाचं दार आपटलं, आणि तिने त्याचे शर्ट, लुंग्या, बेकरीचा पांढरा कोट, जे हाताला लागेल ते आणून बाहेरच्या दाराशी फेकायला सुरुवात केली. मामू उभा राहिला. फक्त म्हणाला, "हो, आपा."

आणि तेव्हा मला ती सकाळ आठवली. मामू बेकरीत रात्रपाळी करून आला होता, अंगावरचे कपडे न बदलता आडवा झाला होता. अम्मी त्याला खांद्याला धरून हलवत होती. ऊठ, शौकतभाई खाली उभे आहेत. तो म्हणत होता, आपा, डोळे उघडत नाहीत, त्यालाच जाऊ दे. अम्मी म्हणाली होती, त्याला गाडी कुठे येते, पाणी मार तोंडावर, बायका यायच्या आहेत. मी शाळेची बॅग भरत दारात उभी होते. हे अम्मीलाही आठवत असणार. मामूला तर आठवतच होतं, आणि अब्बांनी जे विचारलं त्याचं उत्तर देतानाही त्याने ते गाळलं होतं.

"तूच उठवलंस त्याला," मी अम्मीला म्हणाले. "तो नाही म्हणत होता. मी तिथे होते."

अम्मीने माझ्या थोबाडीत मारली. तिने मला मारलं ते आयुष्यात त्या एकदाच. कानात बराच वेळ शिट्टी वाजत होती. मामू पुढे येऊन म्हणाला, "पोरीला काही आठवत नाही, भाई. माझं मीच उठलो होतो." अब्बा एकदा अम्मीकडे, एकदा माझ्याकडे, एकदा मामूकडे बघत राहिले. कोण खरं बोलतंय ते त्यांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "बस. आता या घरात याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. कोणीच नाही." मामूने दाराशी पडलेले कपडे एका गोणपाटाच्या पिशवीत भरले आणि तो बेकरीवरच्या कामगारांच्या खोलीत राहायला गेला. मटण तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी अम्मीने ते टाकून दिलं.

त्यानंतर आमचं घर निवळलं असं कोणाला वाटेल, तर तसं झालं नाही. आधी वैर उघडं होतं, दस्तरखानावर मांडलेलं. आता ते बंद दाराआड गेलं. अब्बा अम्मीला काही म्हणाले नाहीत, पण तिने वाढलेलं ते न बघता खायचे. अम्मी माझ्याशी कामापुरती बोलायची. मौलूद आमच्या घरी पुन्हा कधी झाला नाही. बायकांनी विचारलं की अम्मी म्हणायची, जागा पुरत नाही.

काही महिन्यांनी मामूने बेकरी सोडली आणि कायमचा गावी निघाला. अम्मी विमानतळावर आली नाही. अब्बांनी मात्र दुकान बंद ठेवलं, गाडी काढली, मला मागे बसवलं आणि बेकरीसमोर जाऊन हॉर्न वाजवला. मामू पिशवी घेऊन आला आणि पुढच्या सीटवर बसला. विमानतळ येईपर्यंत दोघं रस्त्याकडे बघत होते. आत शिरायच्या दाराशी मामूने सलाम करून हात पुढे केला. अब्बांनी तो घेतला नाही.

"कोर्टाने तुला सोडलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे पुरावा नव्हता. मी असतो तर मीपण सोडलं असतं." मग म्हणाले, "पण मी कोर्ट नाही, इकबाल. मी त्याचा भाऊ आहे."

मामूने हात खाली घेतला. "बरोबर आहे, भाई," म्हणाला आणि आत गेला. परतताना मी अब्बांना विचारलं, माफ करता आलं नसतं का? सिग्नल हिरवा झाला, त्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाले, "तुझ्या पुस्तकात कुठे लिहिलंय, की सोडणं आणि माफ करणं एकच?" लिहिलं नव्हतं. मी पुढे कायदा शिकले नाही, लोक विचारतात म्हणून सांगते. मिरकाबमधल्या एका विमा कंपनीत अपघातांच्या फाइली बघते, आणि झोप लागली होती का हा प्रश्न मी प्रत्येक ड्रायव्हरला विचारते. बहुतेक जण नाही म्हणतात.

बऱ्याच वर्षांनी अम्मी वारली ती गावी, पावसाळा संपता संपता. मामूला फोन अब्बांनीच केला. बाईला कबरीत उतरवायला तिची जवळची माणसं लागतात, नवरा आणि भाऊ. आम्ही बायका कबरस्तानात जात नाही, म्हणून पुढचं मला माझ्या नवऱ्याने सांगितलं. दोघं म्हातारे आत उतरले, एक डोक्याकडे, एक पायांकडे. माती ओली होती, मामूचा पाय घसरला. अब्बा म्हणाले, "सांभाळ." मामू म्हणाला, "हो, भाई." त्यांनी तिला खाली ठेवलं, वर आले, आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.